निळ्या पडद्यावर ४८ अंकी की (किल्ली) मागतोय? आधी खातं कुणाचं ते शोधा

मदरबोर्ड बदलून आलेला लॅपटॉप, चालू करताच निळा पडदा, बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की हवी, आत टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा डेटा आणि एएमसीवाला (संगणकांच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट घेतलेला) फोन उचलत नाही. तुमच्या लॅपटॉपबद्दल तुम्ही हे जे लिहिलंय ते सगळं तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे जसंच्या तसं घडलं. शिरोली एमआयडीसीत मशिनिंगचं युनिट आहे, अकरा संगणक. हिशेब मी बघते आणि संगणकांचं कामही माझ्याकडेच येतं. मी काही इंजिनिअर नाही, त्यामुळे हा अनुभव समजून वाचा.

आज कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. "विंडोज नवीन टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम" म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच. डिस्क शाबूत आहे, फक्त कुलूपबंद आहे. कुलूप आपोआप उघडण्याची सोय जुन्या बोर्डावरच्या टीपीएम चिपमध्ये होती. बोर्ड बदलला, चिप गेली, म्हणून आता की मागतोय.

ही की बहुतेक वेळा कुठेतरी असते. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं, त्याच्या खात्यात ती आपोआप जाऊन बसते. मालक, त्यांचा मुलगा, जुना अकाउंटंट, ज्याने ज्याने त्यावर लॉगिन केलं असेल त्या प्रत्येकाला स्वतःचं खातं ब्राउझरमध्ये उघडून डिव्हाइसेसची यादी बघायला सांगा. कंपनीचं मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर त्याच्या अ‍ॅडमिनला विचारा. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यात दिसणाऱ्या आयडीशी जुळली तर तीच की.

आमचं घोडं इथेच अडलं. लॅपटॉप नवा आला त्या दिवशी एएमसीच्या मुलाने तो स्वतःच्या खात्यावर सुरू केला. मी शेजारच्या टेबलावर बिलं टाकत बसले होते. त्याने विचारलं, "मॅडम, माझंच खातं टाकू का, पटकन होईल." मी हो म्हटलं. त्या एका होकाराने आमचा पाच महिन्यांचा डेटा गेला. बॅकअप त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर होता, तोही कुलपात.

एएमसीच्या ऑफिसचं उत्तर आलं: तो मुलगा सोडून गेला, त्याच्या खात्याचं आम्हाला काही माहीत नाही. वर्षाचे पैसे आम्ही आगाऊ भरले होते! तीन आठवड्यांनी मुलगा सापडला, पण खात्याचा पासवर्ड तोच विसरला होता आणि नंबरही बदललेला. सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवरची बारीक अक्षरं दाखवली, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. मान्य, पण बोर्ड काढण्याआधी "की आहे ना तुमच्याकडे?" एवढं विचारायला काय लागतं? याचा राग मला आजही येतो. मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही हरवलेली की काढून देऊ शकत नाही. की नसताना "डेटा काढून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नका, आम्ही दोन ठिकाणी दिले.

शेवटी हिशेब पुन्हा बांधला. विक्री जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) आणि ई-वे बिलांवरून, खरेदी जीएसटीआर-२बी (जीएसटी पोर्टलवर दिसणारं खरेदीचं विवरण) वरून, बाकी बँक स्टेटमेंटवरून. रोखीची व्हाउचर आणि जॉबवर्कची चलनं मात्र फाइलमधल्या कागदांवरून एकेक करून भरावी लागली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे बऱ्याच ऑफिसांत नवे लॅपटॉप येताहेत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागणारं हेच कुलूप, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मशीनवर आपोआप चालू होतं. तेव्हा बाकीचे संगणक आजच तपासा. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर बघा, चालू असेल तर की छापून घ्या. बंद करून टाका असं मी म्हणणार नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर तेच वाचवतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभर ८५ लाख विंडोज मशीन अडकली, तेव्हाही बिटलॉकर असलेल्या मशीनना दुरुस्तीआधी हीच की लागली.

आमच्याकडे आता पुठ्ठ्याच्या बांधणीचं रजिस्टर आहे, मालकांच्या कपाटात. मशीनचा सीरियल नंबर, कुठल्या खात्यावर सुरू केलं, की, राउटरचा पासवर्ड, वेबसाइटचं डोमेन (नाव) कुणाच्या ईमेलवर घेतलंय, सगळं हाताने लिहिलेलं. काहीजण एक्सेल ठेवा म्हणतील. मला पटत नाही, एक्सेल त्याच लॅपटॉपमध्ये अडकलं तर? एएमसीचा शेवटचा हप्ता हे रजिस्टर तपासूनच देते. सुरुवातीला त्यांना राग आला, आता सवय झाली.

तुमच्या एएमसीवाल्याचा पत्ता लागला आणि खातं त्याचंच निघालं तर फोनवर की विचारू नका, त्याला खातं उघडून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. ४८ आकड्यांत एक जरी चुकला तरी की चालत नाही. आणि एंट्र्या पुन्हा करायची वेळ आलीच तर कळवा, जॉबवर्क चलनांचा तक्ता आम्ही कसा लावला ते सविस्तर लिहीन.