भाड्याच्या ऑफिसात काहीही करा, लादी चिकटवू नका

तुमचा प्रश्न असा: बडोद्याच्या अलकापुरीत ६०० फुटांचं ऑफिस तीन वर्षांसाठी भाड्याने घेताय, इंटिरियर स्वखर्चाने करायचंय, सोडताना सगळं पूर्ववत करून द्यावं लागतं का?

लागतं. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ आहेच. तुम्ही बसवलेलं तुम्ही काढून नेऊ शकता, पण ताबा असेपर्यंतच, आणि जागा मिळाली तशी ठेवून. वापराची झीज माफ. मालकाच्या संमतीशिवाय पक्कं बांधकाम नाही. एवढं कुठलाही वकील सांगेल. लादीचं कोणी सांगत नाही.

रावपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझं आणि दादाचं टॅक्सचं ऑफिस होतं. जुनी इमारत, खाली पिवळट मोझॅक, त्यात काळे-हिरवे खडे. २०१७ ला जीएसटी आला, काम वाढलं आणि दादाला ती लादी एकदम धर्मशाळेसारखी दिसायला लागली. त्याला दोन बाय दोनच्या पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या. मी म्हटलं, विनाइलचा रोल अंथरू, जाताना गुंडाळून नेऊ. "तुला काय, तू जन्मभर चटईवरच बसशील," इति दादा. कारागीर म्हणाला, उखडायचं काही कामच नाही, जुन्यावरच केमिकलने बसवतो. पकड यावी म्हणून त्याने अख्ख्या मोझॅकला छन्नीने टोचे मारले. जमीन वर आली, दार अडायला लागलं, तर सुताराने दाराला खालून रंधा मारला. मालक काकांना दादाने जिन्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "करो ने, भाई." आमच्याकडे परवानगी म्हणून हे तीन शब्द.

सहा वर्षांनी जागा सोडली तेव्हा काका हयात नव्हते. मुलगा आला, म्हणाला, पप्पांच्या वेळची लादी हवी. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. व्हिट्रिफाइड फोडायला घेतल्या तर एकेक तुकडा खालच्या मोझॅकची साल घेऊनच वर यायचा. उरलेल्या भागावर देवीचे व्रण असावेत तसे ते टोचे. खड्ड्यांत पांढरं सिमेंट आणि संगमरवराची खडी भरली, मशीन फिरवलं, ऑक्झॅलिकचं पॉलिश मारलं. चकाकलं भरपूर, पण ठिगळं गजकर्णासारखी उठून दिसत होती. वर दाराखाली बोटभर फट, तिला लाकडी पट्टी ठोकून दिली. डिपॉझिटमधला एक रुपया परत आला नाही.

दादा गणपतीत सगळ्यांसमोर सांगतो की डिपॉझिट फॉल्स सीलिंगमुळे गेलं. साफ खोटं. सीलिंग ग्रिडचं होतं. बोर्ड उचलले, चॅनल उघडले, भोकांत पुट्टी भरली, अर्ध्या दिवसात छत मोकळं. काचेचं पार्टिशनही सुटं करून विकलं. स्क्रूवर होतं ते सगळं निघालं, चिकटवलेलं तेवढं नडलं. आणि आम्ही म्हणे जीएसटीवाले! लाद्यांचा खर्च भांडवली धरला, म्हणजे जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट बंद. खुर्च्या-टेबलांचं मात्र मिळालं. हेही मी तेव्हाच म्हटलं होतं.

तेव्हा तुम्ही सीलिंग करा, काच लावा, वायरिंग उघड्या केसिंगमधून न्या. काय काढायचं आणि काय राहू द्यायचं याची यादी कराराला जोडा आणि तिच्यावर मालकाची सही घ्या. आधीचे फोटो काढा, लादीचे आणि दाराच्या खालच्या कडेचेसुद्धा.

हो, एक राहिलं. मी वकील नाही. तीन वर्षांचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी लागते, अकरा महिन्यांच्या कागदावर तीन वर्षांचा खर्च करू नका. तळमजला असेल तर ऑगस्ट २०२४ मधला विश्वामित्री नदीचा पूर आठवा आणि खाली प्लायवूड लावू नका. पुराने झालेलं नुकसान कायद्याने भाडेकरूच्या माथी येत नाही, पण करारात काही उलटं घातलंय का ते वाचून घ्या.

आणि विनाइलही अगदी निर्दोष नाही, हे कबूल करतो. आताच्या ऑफिसात तेच आहे. दादाच्या टेबलाखाली ते खुर्चीच्या चाकांनी फाटलंय, आणि येईल त्या क्लायंटला तो आधी ती फाटकी जागा दाखवतो.