मराठी-कन्नड वेबसाइटसाठी कोणते स्निपेट कायम जवळ ठेवावेत?

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या दुकानांसाठी तुम्ही मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या साइट करता आणि दर प्रोजेक्टमध्ये जसेच्या तसे वापरता येतील असे स्निपेट (कोडचे छोटे तयार तुकडे) विचारताय. स्लायडर, मोडल, डिबाउन्स कुठेही मिळतात. आपल्याकडच्या साइट अडतात त्या अक्षरांवर, म्हणून त्याबद्दलच सांगतो.

सगळ्यात आधी शोधासाठी मजकूर साफ करणारं एक फंक्शन लिहून ठेवा. 'पुऱ्या' हा शब्द एका कीबोर्डवर ऱ (युनिकोड क्रमांक २३५३) वापरून उमटतो, तर दुसऱ्यावर साधा र (२३५२), हलन्त (२३८१) आणि न दिसणारा जोडक (८२०५) असा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ते वेगळे शब्द, त्यामुळे माल असूनही शोधात काहीच सापडत नाही. नुसतं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणारी प्रक्रिया) इथे पुरत नाही. त्याने र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब, २३६४) यांचा ऱ होतो, जोडकवाला प्रकार तसाच राहतो. 'ॲल्युमिनिअम'चंही तेच. ॲ (२४१८) आणि अ अधिक ॅ (२३०९, २३७३) यांना एनएफसी एक मानत नाही.

म्हणून फंक्शनमध्ये हा क्रम ठेवा: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जोडक यांच्या जागी ऱ-हलन्त, मग अ-ॅ च्या जागी ॲ, आणि त्यानंतरच उरलेली ८२०३, ८२०४, ८२०५ ही न दिसणारी चिन्हं काढून टाका. जोडक आधी काढलात तर 'पुऱ्या'चं 'पुर्या' होतं आणि मूळ अडचण तशीच राहते. या फंक्शनमधून निघालेला मजकूर वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, मूळ मजकुराला हात लावू नका. कन्नडमध्ये इंग्रजीतून आलेल्या शब्दांत पुढचं अक्षर आधीच्या अक्षराखाली ओत्तू (जोडाक्षरातलं खाली बसणारं छोटं रूप) होऊन बसू नये म्हणून ८२०४ मुद्दाम घातलेला असतो. तो गेला की शब्दाचं रूपच बदलतं. ग्राहकाने शोधात टाइप केलेला शब्दही याच फंक्शनमधून जायला हवा.

याच ठिकाणी गावांच्या नावांची एक छोटी यादी जोडा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण लोक बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम असं सगळंच टाइप करतात. सगळी रूपं एकाच किल्लीवर आणा.

पेजच्या पत्त्यासाठी स्लग बनवताना इंग्रजी अक्षरांपुरता रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) वापरलात तर मराठी नावाचा स्लग रिकामा येतो. पुष्कळजण मग युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग तेवढा घालतात. मात्रा आणि अनुस्वार त्या वर्गात नाहीत, ते 'मार्क' वर्गात आहेत, त्यामुळे 'कुंदा'चं 'कद' होतं. अक्षर, मार्क आणि अंक हे तिन्ही वर्ग घ्या, आणि रेजेक्सला यू फ्लॅग लावायला विसरू नका, नाहीतर हे वर्ग चालतच नाहीत.

अंकांचंही असंच. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला अंकांचा शॉर्टकट फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मोबाइल नंबरचा रकाना टेल प्रकारचा ठेवा आणि तपासणीच्या आधी अंक बदलून घ्या: देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करा, कन्नड अंकाच्या क्रमांकातून ३३०२. किंमत दाखवताना जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) दिलं की १,२५,००० असं देवनागरीत येतं, कन्नड लोकेलमध्ये मात्र अंक इंग्रजीच येतात. दोन्ही भाषांत इंग्रजी अंक हवे असतील तर नंबरिंग सिस्टिम लॅटिन करा. यूपीआयच्या लिंकमध्ये ही सजवलेली किंमत कधीही घालू नका, तिथे स्वल्पविराम नसलेली मूळ संख्याच लागते.

यादी अकारविल्हे लावायची असेल तर साध्या सॉर्टवर विसंबू नका. तो युनिकोड क्रमांकाने लावतो, म्हणून ळ हा ल नंतर लगेच येतो, ह नंतर नाही. मराठी लोकेलचा इंटल कोलेटर (त्या भाषेच्या क्रमाने लावणारं साधन) एकदाच तयार करून तोच सगळीकडे वापरा. मोठ्या यादीत दर तुलनेला लोकेल देऊन लोकेलकम्पेअर बोलावण्यापेक्षा हे वेगवान पडतं.

सीएसएसमध्ये मराठी आणि कन्नड मजकुराला लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, नाहीतर मराठीची शिरोरेघ तुटते. लाइन-हाइट मी १.६ च्या खाली नेत नाही. कन्नड ओत्तू खाली उतरतात आणि ओव्हरफ्लो हिडन असलेल्या बटणात ते कापले जातात. एका पेजवर दोन भाषा असतील तर प्रत्येक तुकड्याला स्वतःचा लँग ॲट्रिब्यूट द्या. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथे ते त्यावरूनच निवडले जातात. फॉन्ट-फेसला युनिकोड-रेंज लावली (इथे क्रमांक हेक्समध्ये लिहितात: देवनागरी ०९०० ते ०९७एफ, कन्नड ०सी८० ते ०सीएफएफ) की कन्नड अक्षर नसलेल्या पेजवर कन्नड फॉन्ट डाउनलोडच होत नाही. स्वस्त मोबाइलवर हा फरक लगेच जाणवतो.

लांब नावं स्लाइसने कापू नका, शेवटची मात्रा गळते. सीएसएसचा लाइन-क्लॅम्प (ठरावीक ओळींनंतर मजकूर लपवणारा) पुरतो. कोडमध्येच कापायचं असेल तर इंटल सेगमेंटर (मजकूर पूर्ण अक्षरांत तोडणारं साधन) आहे, फायरफॉक्समध्ये तो १२५ व्या आवृत्तीपासून चालतो.

या सगळ्याबरोबर एक टेस्ट फाइलही ठेवा: पुऱ्या दोन्ही पद्धतींनी, ॲल्युमिनिअम दोन्ही पद्धतींनी, कुंदा, करदंट, देवनागरी अंकांतला एक नंबर आणि ८२०४ असलेला एक कन्नड शब्द. नवा प्रोजेक्ट उघडला की आधी ती चालवा.