वाचकांचे प्रश्न : परदेशी कापडावरील बहिष्काराचे अर्थकारण

प्रश्न : 1905 साली बंगालमध्ये विलायती कापडावर बहिष्कार पडला, तेव्हा मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या चालू होत्याच. मग देशी धोतरांचा तुटवडा का पडला?

उत्तर : गिरण्या चालू होत्या, पण बंगालला हवे तसे सूत त्या फारसे काढत नव्हत्या. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. नंबर चढला की सूत बारीक. मुंबईचा भर 20 नंबरच्या आसपासच्या जाड्या सुतावर होता आणि त्यातले बरेच सूत चीनला जाई. मँचेस्टरचे तलम धोतर याहून पुष्कळ बारीक सुताचे असे.

आपला आखूड धाग्याचा कापूस 40 नंबरपर्यंत ओढायला गेले, की चातीवर (सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्यावर) धागा सारखा तुटतो. कामगाराचा वेळ सांधण्यात जातो आणि पाळीअखेर सूत कमी भरते. त्यासाठी लांब धाग्याचा इजिप्शियन किंवा अमेरिकन कापूस हवा, पीळ बदलायला हवा, मागावर बारीक फणी (ताण्याचे धागे वेगळे ठेवणारी चौकट) चढवायला हवी. एवढे करूनही तितक्याच चात्यांवर बारीक सूत वजनाने कमीच निघते. हा बदल एका हंगामात उरकणारा नव्हता.

मागणी एकदम वळली, माल तेवढाच राहिला, त्यामुळे भाव चढले. जकात वाढली असती तरी भाव चढलेच असते, पण तो पैसा निदान सरकारी खजिन्यात गेला असता. इथे तो गिरणीमालकाच्या गल्ल्यात गेला. तरीही बहिष्काराला पर्याय नव्हता. 1896 पासून आयात कापडावर साडेतीन टक्के जकात होती आणि देशी गिरणीच्या कापडावरही तेवढाच अबकारी (म्हणजे देशातल्या उत्पादनावरचा) कर! संरक्षक जकात लावण्याचा अधिकार आपल्याकडे नव्हता, म्हणून लोकांनी ती स्वतःवर लावून घेतली. मात्र पूर्व बंगालच्या गरीब कुळाला स्वस्त विलायती कापड आणि मीठ सोडणे परवडत नव्हते. हाटात सक्ती झाली तिथे तंटे पेटले, आणि त्याचा दोष आम्ही त्या कुळाला देणार नाही.

प्रश्न : 1921 मध्ये, असहकार चळवळीत, कापडाचे बडे व्यापारीही परदेशी माल न उचलण्याच्या बाजूने झाले. हे देशप्रेमच का?

उत्तर : देशप्रेम होते, पण हुंडणावळीचा, म्हणजे रुपया-पौंडाच्या विनिमय दराचा, हिशेबही पाहा. पौंडाचे 20 शिलिंग, शिलिंगाचे 12 पेन्स. 1920 च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्याही वर होता, तेव्हा व्यापाऱ्यांनी पौंडात भरघोस मागण्या नोंदवल्या. माल बंदरात येईपर्यंत काही महिने जातात, आणि तेवढ्यात रुपया कोसळला. दोन शिलिंगांच्या दराने 100 पौंडांच्या मालाला 1000 रुपये पडत. रुपया 1 शिलिंग 4 पेन्सवर आला की त्याच मालाला 1500. बाजारात तर मंदी. दोन शिलिंगांखाली पैसे चुकते करणार नाही, असे ठराव व्यापारी संघांनी केले. अशा वेळी नवी मागणी न नोंदवण्याची शपथ खिशालाही सोयीची होती. साठा खपून दर स्थिरावल्यावर त्यातले अनेकजण पुन्हा आयातीकडे वळले, यात नवल नाही.

प्रश्न : 1930 मधली, सविनय कायदेभंगाच्या काळातली, कापड आयातीची घट बहिष्कारामुळे की जागतिक मंदीमुळे?

उत्तर : दोन्हींमुळे, आणि जकातवाढीमुळेही. वाटा काढायचा तर ब्रिटिश आणि जपानी कापड शेजारी ठेवा. 1929-30 ते 1930-31 या एका वर्षात ब्रिटिश कापड सुमारे 125 कोटी यार्डांवरून 52 कोटींवर आले, म्हणजे 58 टक्के घट. जपानी कापड 56 कोटींवरून 32 कोटींवर, म्हणजे 43 टक्के. मंदी दोघांनाही होती. 1930 मध्ये ब्रिटिश मालावर 15 टक्के आणि इतर देशांच्या मालावर 20 टक्के जकात बसली (साध्या कोऱ्या कापडाची किमान जकात मात्र दोघांना सारखीच). सवलत मिळूनही ब्रिटिश माल जास्त घसरला. बहिष्कार नावाला सगळ्याच परदेशी कापडावर होता, पण रोष मुख्यतः ब्रिटिश मालावर होता, आणि हा जादा घसरणीचा भाग आम्ही बऱ्याच अंशी बहिष्काराच्या खाती घालू. घाऊक बाजारातली निरोधने (दुकानांपुढची धरणी) आणि काँग्रेसने मोहोरबंद केलेले परदेशी कापडाचे गठ्ठे यांचा परिणाम इथे दिसतो.

ही रिकामी झालेली जागा सगळी देशी गिरण्यांना मिळाली नाही. डिसेंबर 1931 मध्ये जपानने सुवर्णमान (चलनाची सोन्याशी ठरलेली किंमत) सोडले, येन घसरला, जपानी माल स्वस्त झाला, आणि 1932-33 मध्ये जपानी कापड ब्रिटिश कापडाच्या जवळपास बरोबरीला आले.