लंडनमध्ये व्हिक्टोरियन काळातलं विटांचं एकच घर बघायचं असेल तर कुठलं बघावं?

एकच म्हणाल तर बेक्सलीहीथचं रेड हाऊस. लंडनच्या आग्नेय टोकाला आहे, लोकलने जाता येतं. 2003 पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. मी दोनदा गेलो. पहिल्यांदा रंगीत काचा आणि फर्निचर बघून परतलो. भिंतींकडे नीट पाहिलं ते दुसऱ्या खेपेला, म्हणून तुम्हाला आधीच सांगतो.

1859 मध्ये विल्यम मॉरिसचं नुकतंच लग्न झालं होतं. (वेलबुट्टीच्या वॉलपेपरसाठी आजही ज्याचं नाव घेतात तोच.) त्याने घराचं काम मित्राला, फिलिप वेबला दिलं. मॉरिस 25 वर्षांचा, वेब 28 चा, आणि वेबने स्वतंत्रपणे केलेलं हे पहिलंच घर.

त्याआधी लंडनच्या ऐपतदार मंडळींत घर विटांचं बांधून वर गिलावा करायचा आणि त्यात रेघा ओढून ते दगडी भासवायचं, अशी चाल होती. विटांवर 1784 पासून करही होता, तो 1850 मध्ये उठला. वेबने बाहेरून गिलावा केलाच नाही. लाल वीट उघडी ठेवली आणि वर उतरती लाल कौलं घातली. आता खिडक्या बघा. काही उंच, काही बसक्या, काही चक्क गोल! आतल्या खोलीला जिथे जसा उजेड हवा, तिथे तशी खिडकी. बाहेरून त्या एका ओळीत दिसाव्यात असा अट्टहास नाही. मला या घराची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

आत गेलात की छताकडे जरूर बघा. गिलावा ओला असतानाच नक्षीची टिंबं टोचून ठेवली आहेत, म्हणजे पुढे रंग उडाला तरी तीच नक्षी पुन्हा भरता यावी. मॉरिसच्या झोपायच्या खोलीत कपाटामागे, रंगाच्या थरांखाली झाकलेलं भित्तिचित्र 2013 मध्ये मोकळं झालं. त्यात नोहा आहे, आदम आणि ईव्ह आहेत. बाजारात मनासारखं सामान मिळेना म्हणून मित्रांनी मिळून हे घर सजवलं आणि त्यातूनच 1861 मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली.

घरात दोषही आहे. मुख्य खोल्या उत्तरेकडे तोंड करून, त्यामुळे गारठा. त्यात मॉरिसचं आजारपण, पैशाची ओढाताण आणि कामासाठी लंडनला रोजची ये-जा. 1865 मध्ये त्याने घर सोडलं.

निघण्याआधी मागच्या अंगणात विहिरीपाशी थांबा. तिच्यावर कौलांचं शंकूसारखं छप्पर आहे. घर तिच्या दोनच बाजूंना आहे, काटकोनात. उरलेल्या मोकळ्या बाजूंना चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्सच्या कुटुंबासाठी बांधकाम वाढवून चौक पुरा करायचा बेत होता. 1864 मध्ये त्याचं तान्हं बाळ गेलं आणि ते कुटुंब आलंच नाही. त्या दोन बाजू आजही मोकळ्याच आहेत.