टर्बो दोन मिनिटांत का उतरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उसाला रात्रीचं पाणी द्यायला जावं लागतं, बिबट्याची भीती आहे, म्हणून ३५०० लुमेनची (लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणारा एकूण उजेड), एका २१७०० आकाराच्या सेलवर चालणारी टॉर्च घेतली. पूर्ण उजेडावर, म्हणजे टर्बोवर, ती दोन मिनिटांत तापते आणि आपोआप मंद होते. दुकानदाराकडून बदलून घ्यावी, तापमानाची मर्यादा काढून टाकावी, की आणखी जास्त लुमेनची आणावी?

बदलू नका. मर्यादेला हात लावू नका. आणि आणखी मोठा आकडा घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. का ते नीट सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढची टॉर्च घेताना पैसे वाया जात नाहीत. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, म्हणून आतल्या बॅटरीला मी सेल म्हणतोय.)

३५०० लुमेन काढायला तुमची टॉर्च सेलमधून अंदाजे ३५ वॅट ओढते. त्यातला साधारण तिसरा हिस्साच उजेड होऊन बाहेर पडतो. उरलेले वीस-पंचवीस वॅट म्हणजे निव्वळ उष्णता, आणि ती एलईडीच्या मागून ॲल्युमिनियमच्या बॉडीत उतरते. बॉडीचं वजन सेल सोडून १३० ग्रॅम धरू. एवढं ॲल्युमिनियम एक अंशाने तापायला सुमारे ११७ ज्यूल लागतात. म्हणजे दर पाच सेकंदांना एक अंश. ३० अंशांवरून ५५ वर पोचायला झाली दोन मिनिटं. तुम्ही घड्याळ लावून सांगितलेली वेळ हीच आहे! टॉर्च अगदी हिशोबाने चालली आहे.

आता दुसरी बाजू. ही उष्णता हवेत जाते किती? हातात मावणाऱ्या टॉर्चचा बाहेरचा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. वारा नसेल आणि बॉडी हवेपेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर तिच्यातून जेमतेम अडीच-तीन वॅट बाहेर पडतात. आत येतात वीस-पंचवीस, जातात तीन. मग ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं आतलं सर्किट, करंट कमी करत करत अशा जागी आणतो जिथे येणं आणि जाणं सारखं होतं. एवढ्याशा टॉर्चमध्ये ती जागा साधारण ६०० लुमेनच्या आसपास येते. तुमच्या टॉर्चचा खरा, टिकाऊ उजेड हाच. त्याच आकाराची ६००० लुमेनची टॉर्च घेतलीत तरी दहा मिनिटांनी तीही तिथेच येऊन थांबेल.

खोक्यावर मग ३५०० कसं छापलं? त्यात खोटं काही नाही. एफएल-१ या मानकात लुमेन मोजतात ते टॉर्च सुरू केल्यावर तीस सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान, आणि चालण्याची वेळ मोजतात ती उजेड त्या आकड्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे '३५०० लुमेन, ३ तास' यातला शेवटचा बराच काळ चारशे-पाचशे लुमेनचा असला तरी दोन्ही आकडे नियमात बसतात. म्हणून मी खोक्यावरचा आकडा बघतच नाही. उजेड मिनिटागणिक कसा उतरला याचा आलेख शोधतो. तो मिळाला नाही तर टॉर्च घेत नाही.

तांब्याच्या टॉर्चबद्दलही एक गैरसमज आहे. तांबं उष्णता वाहून नेण्यात टॉर्चला वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या दुपटीहून सरस आहे आणि त्याच आकारात चाळीसेक टक्के जास्त उष्णता सामावून घेतं, त्यामुळे टर्बो थोडा जास्त वेळ टिकतो. पण हवेत उष्णता सोडायचा पृष्ठभाग तेवढाच राहतो, म्हणून टिकाऊ उजेड वाढत नाही. तो वाढवायचा तर डोकं मोठं हवं, त्यावर खोल खाचा हव्यात आणि वारा हवा. वाऱ्याचा फरक मी कोकणकड्यावर डिसेंबरच्या रात्री बघितलाय. घरी पाच मिनिटांत हात मागे घ्यायला लावणारी टॉर्च तिथे टर्बोच्या खालच्या पायरीवर तासभर कोमटसुद्धा झाली नाही.

बिघाड कसा ओळखायचा? इथे बहुतेक लोक उलटं समजतात. बॉडी पटकन गरम होणं हे चांगलं लक्षण आहे, उष्णता एलईडीपासून बाहेर येते आहे याची खूण. माझ्याकडे एक टॉर्च आली होती, टर्बोवर मिनिटभर धरली तरी डोकं गार. मला आधी बरंच वाटलं. मग उजेड निळसर व्हायला लागला. उघडून बघितली तर एलईडीच्या तांब्याच्या चकतीखाली थर्मल पेस्ट फक्त एका कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढी लावलेली, आणि बैठकीवर धातूची बारीक कुसळ राहिल्यामुळे चकती एका बाजूने उचललेली. पॉलिश पेपरने कुसळ घासली, स्पिरिटने पुसलं, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती पेस्ट पातळ पसरली आणि स्क्रू घट्ट केले. त्यानंतर तीच टॉर्च अर्ध्या मिनिटात हाताला चांगली गरम लागायला लागली आणि उजेड पांढरा राहिला. तेव्हा टर्बोवर डोकं गार राहत असेल किंवा दहा-पंधरा सेकंदांतच उजेड उतरत असेल, तर जरूर तक्रार करा. दुसऱ्या बाबतीत आधी सेल पूर्ण चार्ज करून मागच्या टोपीचे आटे कापडाने पुसून बघा.

मर्यादा काढू नका म्हणतो ते सेलसाठी. बहुतेक लिथियम-आयन सेल ६० अंशांपर्यंत वापरायचे असतात, आणि तो सेल त्याच नळीत, तुमच्या मुठीत असतो. शिवाय मिळणार काय? २१७०० सेलमध्ये साधारण १८ वॅट-तास असतात. ३५ वॅटने टॉर्च तापलीच नाही असं धरलं, तरी तो अर्ध्या तासात रिकामा. तुम्हाला तर तीन-चार तास दारं धरायची आहेत. तेच ६०० लुमेनवर पाच वॅटच्या आसपास लागतात आणि साडेतीन तास निघतात.

आणि ६०० म्हणजे कमी वाटतं तेवढं कमी नाही. पल्ला उजेडाच्या वर्गमुळाने बदलतो. ३५०० वरून ६०० वर आलात तर पल्ला सहापट घटत नाही, अडीचपटीहूनही थोडा कमीच घटतो. लांबचं बघायचं असेल तर लुमेन नव्हे, कँडेला बघा, म्हणजे एका दिशेला झोत किती तीव्र आहे ते. ४०,००० कँडेलाचा झोत ४०० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड टाकतो. अरुंद झोताची टॉर्च ७०० लुमेनमध्येही हे करते, आणि तापत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: डोक्याला २००-३०० लुमेनचा, रुंद उजेडाचा हेडलॅम्प. फावडं धरायला दोन्ही हात मोकळे राहतात, आणि घोणस-मण्यारीसाठी बघायचं असतं ते पायाखालीच. हातातली ही टॉर्च मधल्या पायरीवर, बांधावरून चालताना. उसात खसफस झाली की टर्बो, दहा-वीस सेकंद, चारी बाजूंनी फिरवून घ्यायचा आणि परत खाली. असा वापरलात तर सेल चांगला भरलेला आहे तोवर प्रत्येक वेळी जवळपास पूर्ण ३५०० मिळतील, कारण बॉडी फार तापलेली नसेल. सतत लावून ठेवलात तर नेमकी गरज पडेल तेव्हा टर्बो उरलेला नसेल. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तापलेली टॉर्च पाटाच्या पाण्यात बुडवू नका. आतली हवा एकदम आकसते आणि रबरी रिंगमधून पाणी ओढून घेते. गरम असताना चार्जिंगलाही लावू नका, ४५ अंशांच्या वर सेल चार्ज करायचा नसतो. आणि पिशवीत ठेवताना मागची टोपी पाव फेरा सैल करा. माझ्या सॅकमध्ये एकदा बटण दाबलं गेलं होतं, काचेला टेकलेल्या काळ्या रेनकोटला रुपयाएवढं भोक पडलं आणि वास आला म्हणून कळलं. रात्री घरातून निघताना टोपी घट्ट करून एकदा लावून बघायची.