वाचकांचे प्रश्न : तक्रारवही कोणत्या तारखेने लावावी?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. वाहन उद्योगाला लागणारी ग्रे आयर्नची कास्टिंग (वितळलेले बीड साच्यात ओतून केलेले भाग) आम्ही पुरवतो. ग्राहकाची तक्रार कधी ई-मेलने येते, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो येतो, तर कधी मार्केटिंगच्या सहकाऱ्याला फोनवर सांगितलेले आम्हाला चार दिवसांनी कळते. ग्राहकांच्या तक्रारींची वही, रिजेक्शनचे रजिस्टर आणि मेंटेनन्सच्या नोंदी अशा तीन जागी आम्ही माहिती ठेवतो. असे असूनही ब्लो होलचा (कास्टिंगमध्ये वायूमुळे राहणाऱ्या पोकळीचा) तोच दोष दरवर्षी परत येतो आणि दर वेळी आम्ही पहिल्यापासून शोधाला लागतो. नवे सॉफ्टवेअर घ्यावे असे मालकांना वाटते. ते घेतल्याने प्रश्न सुटेल का?

उत्तर : आत्ताच घेऊ नका. तुमच्याकडे नोंदी कमी नाहीत, पण एका वहीतली ओळ दुसऱ्या वहीतल्या ओळीशी जोडणारा धागा नाही, आणि तो धागा ठरवण्याआधी सॉफ्टवेअर आणले तर तीन वह्यांच्या तीन खिडक्या होतील, एवढाच फरक पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक समस्येला एकच क्रमांक द्या. तक्रार कोणाच्याही कानावर येवो, त्याच दिवशी ती एका ठरलेल्या माणसाकडे पोहोचली पाहिजे आणि तिला क्रमांक मिळाला पाहिजे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर राहू देऊ नका. ज्याच्या फोनवर तो आला तो माणूस नोकरी सोडतो, फोन बदलतो आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो. फोटो उतरवून त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि पुढे त्या समस्येविषयीचा प्रत्येक ई-मेल, प्रत्येक तपासणीचा कागद त्याच क्रमांकाने ओळखला जाऊ द्या.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमची तक्रारवही बहुधा तक्रार आली त्या तारखेने लावलेली असेल. ब्लो होल पुष्कळदा पृष्ठभागाखाली दडलेले असते आणि ग्राहकाकडे मशीनिंग (यंत्रावर वरचा थर कापून आकार देणे) झाल्यावरच उघडे पडते. म्हणजे जुलैच्या पावसात ओतलेल्या कास्टिंगची तक्रार तुमच्या वहीत ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये येते. मग तुम्ही साच्याची सप्टेंबरची वाळू तपासता, सप्टेंबरचे कोअर (भागात पोकळ जागा राहावी म्हणून साच्यात ठेवलेले वाळूचे गाभे) तपासता, तोवर हवा कोरडी होऊ लागलेली असते आणि सारे काही ठीक दिसते. तीच वही ओतकामाच्या तारखेने पुन्हा मांडा. सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेले कोअर दमट हवेत ओलावा ओढून घेतात, आणि साच्यात धातू पडला की त्या ओलाव्याची वाफ होऊन वायूची पोकळी मागे राहते. तुमच्या दोषाचे कारण हेच असेल असे मी इथे बसून म्हणणार नाही, परंतु दरवर्षी परतणाऱ्या दोषाची पहिली शंका ऋतूवरच घ्यावी लागते आणि ती शंका खरी की खोटी हे ओतकामाच्या तारखेवाचून ठरवता येत नाही. म्हणून तक्रारीच्या नोंदीत हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), ओतल्याची तारीख, पाळी, कोअर कधी बनवला आणि किती दिवस ठेवून वापरला हे रकाने सक्तीचे करा. वाळूच्या ओलाव्याची रोजची चाचणी तुम्ही घेतच असाल. तिचे कागद महिनाअखेरीस रद्दीत जात असतील, तर ते आजपासून थांबवा.

शब्दांचीही शिस्त लागते. एकाच पोकळीला एका पाळीत ‘होल’, दुसऱ्या पाळीत ‘ब्लो’ आणि तिसऱ्या पाळीत ‘पोरोसिटी’ लिहिले गेले, तर वर्षाच्या शेवटी तीन छोटे दोष दिसतात आणि एक मोठा दोष दिसत नाही. वायूमुळे झालेल्या पोकळीची भिंत सहसा गुळगुळीत असते, तर श्रिंकेजची, म्हणजे धातू थिजताना आकसल्याने झालेली, पोकळी आतून खडबडीत असते. हा फरक फोटोंसह एका पुठ्ठ्यावर चिकटवून तपासणीच्या टेबलाशी लावा आणि दोषांची नावे दहा-बारापेक्षा जास्त ठेवू नका. जे त्यांत बसत नाही त्याला खुशाल ‘इतर’ म्हणा, पण दिसले ते वर्णन पूर्ण वाक्यात लिहा. दिसलेली गोष्ट आणि वाटलेले कारण यांचे रकाने वेगळे असू द्या. ‘वाळू ओली असल्याने होल’ असे एकाच रकान्यात लिहिले की तर्क आणि निरीक्षण एकजीव होतात, आणि वर्षभराने वाचणाऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत.

आता थोडे विषयापासून दूर गेल्यासारखे वाटेल, पण दूर नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण दगावले. रॉकेटच्या सांध्यातील रबरी कड्या थंडीत नीट बसत नाहीत, ही शंका अभियंत्यांनी आदल्या रात्री मांडली होती. मात्र कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांचेच तापमान मांडून पाहिले, तर त्यातून थंडीचा संबंध स्पष्ट होत नव्हता. पुढे चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणेही त्यांत मिळवली, तेव्हा सांध्याचे तापमान सुमारे १७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असलेल्या चारही उड्डाणांत कड्यांवर खुणा होत्या आणि सुमारे १९ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ तिघांत होत्या, हे लख्ख दिसले. तुमच्या रिजेक्शन रजिस्टरची उणीव नेमकी हीच आहे. बिघडलेल्या हीटची माहिती त्यात आहे, चांगल्या निघालेल्या हीटची नाही. चांगल्या हीटच्या वेळी वाळूचा ओलावा किती होता हे ठाऊक नसेल, तर बिघडलेल्या हीटच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

कारखान्यातल्या बदलांचीही नोंद अशीच तारखेने ठेवा. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये इग्निशन स्विचच्या दोषामुळे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, आणि कंपनीच्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. त्या स्विचचा भाग २००६ मध्येच सुधारला गेला होता, परंतु त्याचा पार्ट नंबर बदलला नव्हता. त्यामुळे नंतर तपास करणाऱ्यांना जुन्या गाड्यांत दोष का आहे आणि नव्यांत का नाही, हे वर्षानुवर्षे उलगडले नाही. शिवाय सुरुवातीच्या काळात तो प्रश्न ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात टाकला गेला होता, सुरक्षिततेच्या खात्यात नाही. एका चुकीच्या रकान्याची ही किंमत आहे. तुमच्या कारखान्यात पॅटर्नला (साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्याला) हात लागला, गेटिंग (धातू साच्यात शिरण्याची वाट) बदलले, बेंटोनाइटचा (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीचा) पुरवठादार बदलला किंवा भट्टीवर नवा माणूस आला, तर त्या दिवसाची एक ओळ लिहिली गेलीच पाहिजे, मग बदल कितीही चांगल्यासाठी केलेला असो.

राहिला प्रश्न समस्या ‘बंद’ करण्याचा. वाहन उद्योगातले तुमचे ग्राहक एट-डी अहवाल (समस्या सोडवण्याचे आठ टप्पे मांडणारा अहवाल) मागत असतील. त्यात तात्पुरता बंदोबस्त आणि कायमचा उपाय हे वेगळे टप्पे आहेत, ते घाईत एक होऊ देऊ नका. माल वेगळा काढून शंभर टक्के तपासून पाठवला, हा बंदोबस्त झाला. त्याने ग्राहक शांत होतो, पण दोषाचे कारण जागेवरच राहते. आणि ‘संबंधित कामगाराला समज दिली’ हे वाक्य उपायाच्या रकान्यात आले तर ती समस्या उघडीच माना. पावसाळ्यात दिसणारा दोष ऑक्टोबरमध्ये बंद केल्याचे लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. तो पुढच्या पावसाळ्यानंतर, त्या महिन्यांच्या हीट पाहून बंद करा. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम १०.२ मध्ये तशीच त्रुटी इतरत्र आहे का किंवा होऊ शकते का हे पाहायलाही सांगितले आहे. बहुतेक कारखान्यांत या ओळीसमोर केवळ टिक केलेली असते. त्याच बनावटीचे कोअर दुसऱ्या कोणत्या कास्टिंगला लागतात, हे त्या वेळी खरोखर उठून पाहा.

एवढे सारे एका साध्या एक्सेलच्या तक्त्यात एक पूर्ण पावसाळा चालवा. कोणते रकाने लोक भरतात, कोणते रिकामे राहतात आणि कोणते कोणालाच लागत नाहीत हे कळले की मग सॉफ्टवेअर घ्या. तेव्हा काय मागायचे हे विक्रेत्याने तुम्हाला सांगण्याऐवजी तुम्हीच त्याला सांगाल.

प्रश्न : नाशिकच्या सातपूर येथील आमच्या प्रेस शॉपमध्ये (यंत्राने पत्रा दाबून भाग बनवण्याच्या विभागात) ‘थोडक्यात टळलेल्या अपघातांची’ पेटी ठेवली आहे. सहा महिन्यांत तिच्यात दोनच चिठ्ठ्या पडल्या. कामगार सांगत नाहीत, अशी आमची अडचण आहे.

उत्तर : सांगणाऱ्याचे मागे काय झाले, हे कामगारांनी पाहिलेले असते. पेटीपेक्षा ती आठवण बलवत्तर ठरते.

अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि हवाई नियंत्रक आपल्याच चुकांची माहिती स्वेच्छेने एका यंत्रणेला कळवतात. ती यंत्रणा कारवाईचा अधिकार असलेल्या विमान वाहतूक प्रशासनाकडे नाही, तर नासाकडे आहे, आणि आलेल्या अहवालातून कळवणाऱ्याची ओळख पुसूनच माहिती साठवली जाते. ज्याच्या हातात शिक्षा आहे त्याच्या हातात चिठ्ठी पडू नये, एवढी साधी मांडणी त्यामागे आहे. तुमच्या पेटीची किल्ली प्रॉडक्शन मॅनेजरकडे असेल, तर ती सेफ्टी ऑफिसरकडे किंवा कामगारांचा विश्वास असलेल्या एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे द्या. ‘अपघातविना इतके दिवस’ यासाठी बक्षीस देत असाल तर ते बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या बक्षिसापायी सगळी पाळी मिळून एकाच्या बोटाची इजा लपवते.

चिठ्ठी आली की तीन दिवसांच्या आत फलकावर तिचे उत्तर लावा. ‘दोन नंबरच्या प्रेसचा लाइट कर्टन (हात आत गेला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा) वाकडा झाल्याची सूचना मिळाली, तो बदलला’ एवढे पुरे, नाव कोणाचेच नको. उपाय लगेच होणार नसेल तर तो कशामुळे अडला आहे हेही लिहा, कारण उत्तर न मिळालेली चिठ्ठी त्या माणसाची बहुधा शेवटची ठरते. लिहिण्याचा संकोच असणाऱ्यांसाठी तोंडी सांगण्याची सोय ठेवा आणि ऐकणाऱ्याने त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पहिल्या काही महिन्यांत चिठ्ठ्यांची संख्या वाढली तर मालकांना आधीच सांगून ठेवा की अपघात वाढलेले नाहीत, जे दिसत नव्हते ते दिसू लागले आहे.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या चाळीस जणांच्या कंपनीत सर्व अंतर्गत तक्रारी एकाच सामायिक तक्त्यात ठेवायच्या, असा विचार आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीही त्यातच नोंदवाव्यात का?

उत्तर : नाही. या एका बाबतीत ‘एकच वही’ हा नियम लागू होत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी कंपनीतील वरिष्ठ महिला असावी लागते, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. लेखी तक्रार या समितीकडेच जाते, घटनेपासून तीन महिन्यांत ती करायची असते, आणि पुरेसे कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करावी लागते. तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करण्यास कलम १६ ने मनाई केली आहे, आणि चाळीस जणांच्या कार्यालयात तर विभागाचे नाव आणि तारीख लिहिली तरी व्यक्ती ओळखू येते. त्यामुळे सामायिक तक्त्यात या तक्रारीची एक ओळसुद्धा नको, ‘गोपनीय’ असा शेरा मारूनही नको. कागद समितीच्या ताब्यात, कुलपात ठेवा आणि संगणकावर असतील तर त्या फाइलचा प्रवेश समितीच्या सदस्यांपुरताच ठेवा. आयटी सांभाळणाऱ्यालाही तो सहज मिळू नये याची खात्री करून घ्या. व्यवस्थापनाला वर्षातून एकदा समितीच्या वार्षिक अहवालातून किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या हे आकडे मिळतात. तेवढेच तुमच्या तक्त्यात यावेत.