मुलगा गावात असून गावात नसतो

"दिवसभर मोबाइल. कुणाकडे जात नाही, कुणी हाक मारली तर ओ देत नाही. मोबाइल काढून घेऊ का?" 17 वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या वडिलांचा हा प्रश्न. खेड्यातले पालक समुपदेशनाला येतात ते बहुतेकदा हीच तक्रार घेऊन. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत मोबाइलबद्दल काही ठरवायचं नसतं. 7 दिवसांसाठी एक वही द्यायची, 4 रकान्यांची: किती वाजता, कुठे बसून, कोणाशी किंवा काय, आणि मोबाइल नसता तर त्या वेळी काय केलं असतं. चौथा रकाना मुलं टाळतात, म्हणून तो भरून घ्यायचाच.

या मुलाच्या वहीत रोजचे सरासरी 5 तास निघाले. त्यात गावातल्या पोरांच्या ग्रुपवर 40 मिनिटं, पण आठवडाभरात त्याचा स्वतःचा मेसेज एकही नाही. नुसतं वाचणं. बाकी वेळ रील्स आणि अनोळखी मुलांबरोबर गेम. संध्याकाळी 6 ते साडेसातच्या चौथ्या रकान्यात सातही दिवस एकच शब्द: 'मैदान'.

मैदान कधी सुटलं, असं विचारल्यावर त्याने हातातला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. व्हॉलीबॉल खेळताना तो तोंडावर पडला होता. त्याची 11 सेकंदांची क्लिप ग्रुपवर आली, कुणीतरी तिचा स्टिकर केला, आणि 3 महिन्यांनंतरही तो स्टिकर फिरत होता. लहान गावात ग्रुपवर हसणारे तेच, वाटेत भेटणारे तेच, वर्गातही तेच. तोंड लपवायला जागा उरत नाही. आधी मैदान सुटलं, मग मोबाइल वाढला. वडिलांना क्रम उलटा दिसत होता.

मोबाइल काढून घेतला असता तर सामना किती वाजता हेही त्याला कळलं नसतं, कारण ते ग्रुपवरच ठरतं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये संशोधक रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी 73 घरांतल्या 169 जणांचा अभ्यास करून 1998 साली सांगितलं होतं की इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचा एकटेपणा थोडा वाढतो. 2002 साली त्यांनीच पुन्हा तपासलं, तेव्हा ते बहुतेक परिणाम ओसरलेले होते. नव्या गटात मात्र बोलक्या, माणसं जोडलेल्या लोकांना इंटरनेटचा फायदा झाला आणि अबोल, आधार कमी असलेल्यांना तोटा. हा मुलगा त्या अबोल लोकांतला.

'जरा चारचौघांत मिसळ' असं सांगून उपयोग नसतो. कुठे उभं राहायचं, हातांचं काय करायचं, तिथपासून अडतं. म्हणून काम दिलं: मैदानावर सामन्याचे गुण लिहिणं. आठवड्यातून 2 संध्याकाळी, 45 मिनिटं, ज्याने तो स्टिकर कधी वापरला नाही अशा एका मित्रासोबत. त्या मित्राला मेसेज न करता फोन करायचा, कारण मेसेज 'नंतर पाठवू' म्हणून राहतो. स्टिकर करणाऱ्याला एकट्यात गाठून 'डिलीट कर' म्हणायचं. ग्रुपवर म्हटलं की नवी करमणूक सुरू. वडिलांनी त्या मुलाच्या घरी जायचं नाही, नाहीतर पोरांचं भांडण दोन घरांचं होतं. रात्री 10 वाजता मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात, वडिलांचासुद्धा. (ही अट त्यांना आवडली नाही.)

झोप उडाली, शाळेत जाणं थांबलं किंवा उदासी 2 आठवडे हटली नाही, तर वहीवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. जीव द्यायची भाषा आली तर त्याच दिवशी.

दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी जुना टोमणा मारला आणि मुलगा 10 मिनिटांत परतला. पुढच्या वेळचं लक्ष्य 45 वरून 15 मिनिटांवर आणलं, ते जमलं.

चौथ्या आठवड्यात वहीतले रोजचे तास 5 वरून सव्वाचारवरच आले होते, आणि वडील नाराज होते. पण ग्रुपवर मुलाचे स्वतःचे 6 मेसेज होते. सगळे गुणफलकाचे.